हमीपत्र

काचेवर श्वास उमटेल इतक्या जवळ जाऊन
नोटीस बोर्डावर मी माझा नंबर शोधला.
नापासांत नाही मी.
पासांतही नाही.
तिसरी यादी आहे, एकाच पानाची,
काचेच्या बाहेर चिकटपट्टीनं लावलेली,
पंखा फिरला की एक कोपरा उचलणारी:
सशर्त प्रवेश. एक सत्र निरीक्षणाखाली.

खिडकी क्रमांक चार. नेरकर मॅडम न बघता फॉर्म सरकवतात.
हजेरी पंचाहत्तर टक्के.
दर गुरुवारी सरांची सही.
एकही विषय पुन्हा राहिला तर नाव कमी.
"खाली वडिलांची सही," म्हणाल्या,
आणि मग वर बघून, हळू,
"स्वतः करू नकोस गं. मला ओळखू येतात."

त्र्यंबक रस्त्यानं परत येताना बसमध्ये
मी ते तीनदा वाचलं.
मी, मग रिकामी जागा, मग हमी देतो.
जागा भरली, आणि वाक्य
माझ्याच मांडीवर बसून हसायला लागलं:
मी, दगा बिरारी, हमी देतो.

आधीची दोन जगली नव्हती.
म्हणून तिसऱ्याला सटाण्याकडच्या त्या घरानं दगा म्हटलं,
सटवीला वाटावं, हे पोर नेण्यालायक नाही.
तो जगला. सातपूरला आला.
सव्वीस वर्षं एकाच कंपनीत, तपासणीच्या टेबलावर,
मायक्रोमीटरमध्ये माल धरून
म्हणत आला: हा बसतो. हा नाही बसत.

सेकंड शिफ्ट करून ते पावणेबाराला आले.
आई झोपली नव्हती, नुसती डोळे मिटून होती.
मटकीत मीठ कमी पडलेलं. कोणी बोललं नाही.
मी फॉर्म ठेवला, ताटापासून लांब.

त्यांनी हात धुतले. पुसले. चष्मा लावला.
कागद ट्यूबकडे धरला, आत कुठे तडा आहे का बघत.
मला वाटलं आता फीचं निघेल,
हप्त्याचं, अंबडच्या भाऊरावकाकांच्या ऋत्विकचं,
जो पुण्याला लागला.
"किती विषय?"
तीन.
"सगळ्यात वाईट?"
एम थ्री. सत्तरात एकोणीस.
"म्हणजे मायनसमध्ये."
हो.

बराच वेळ दोन बोटांत ते
नसलेल्या कशाची तरी जाडी मोजत राहिले.
"जॉब प्लसमध्ये असला तर सोपं. घासला की बसतो.
मायनसमध्ये गेलेला घासून वाढत नाही.
त्याच्यावर वेल्ड भरायचं, मग परत टर्निंग.
खर्च होतो. वास येतो. नव्यासारखा दिसत नाही."
"मग टाकून देता?"
"मी पिवळं लेबल लावतो. पुढचं माझ्याकडे नसतं."

एवढंच.
मी थांबले होते, पुढे काहीतरी म्हणतील
ज्यावर मला रडता येईल.

सही करताना पेन नावापाशी थांबलं.
"हे तू लिहिलंस?"
हो.
"गाचा काना लांब ओढलायस. माझा आखूड असतो."
आणि खाली, आखूड काना देऊन, सही केली.
मग म्हणाले, मटकी अजून आहे का.

सकाळी नेरकर मॅडमनी सही निरखली, शिक्का उचलला,
तसाच हवेत धरला. "झेरॉक्स?"
राहिली होती.
खाली पळाले. दुकानदाराचं मशीन अजून गरम व्हायचं होतं.
पहिली प्रत तिरकी आली.
"हिचे पैसे नको, दुसरी काढतो," म्हणाला,
आणि चुरगाळायला हात पुढे केला.

ती मी मागून घेतली.
एम थ्रीच्या वहीत आहे.
हमी देतो कागदाबाहेर गेलंय,
उरलंय ते फक्त
मी, दगा बिरारी,
आणि स्वल्पविराम.

उद्या गुरुवार.